‘गाडीवरून पडला’ : अपघाताच्या भरपाईचा हिशोब कसा होतो

रात्री साडेनऊची वेळ. सिव्हिलच्या अपघात विभागात स्ट्रेचरवर एक गवंडी, वय चौतीस, उजवा पाय गुडघ्याखाली चेंदलेला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी केसपेपर लिहिता लिहिता विचारलं, "कसं लागलं?" सोबत आलेल्या चुलतभावाच्या शर्टाला रक्त, हातात फुटलेला मोबाइल. तो म्हणाला, "गाडीवरून पडला." डॉक्टरांनी तेच लिहिलं.

चार दिवसांनी पोलिसांत फिर्याद गेली : मागून भरधाव आलेल्या ट्रकने मोटारसायकलला धडक दिली. फिर्याद शंभर टक्के खरी होती. पण पुढे भरपाईचं प्रकरण उभं राहिलं तेव्हा विमा कंपनीच्या वकिलांनी पहिला कागद काढला तो हाच केसपेपर. ट्रकचा उल्लेख कुठाय यात?

मी क्लेमची प्रकरणं चालवतो. कुणाचा दवाखान्यातून फोन आला की पेशंट कसा आहे हे विचारून झाल्यावर माझा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, केसपेपरवर काय लिहिलंय? लोकांना वाटतं वकील निर्दयी आहे. पण रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई म्हणजे शेवटी एक गणित आहे. वय, कमाई, घरात खाणारी तोंडं, आलेलं अपंगत्व आणि चूक कुणाची, एवढे आकडे त्यात पडतात. प्रत्येक आकड्यामागे कागद लागतो, आणि त्यातले निम्मे कागद घरचे लोक रक्ताच्या बाटलीसाठी पळत असतात त्या दिवसांतच तयार होतात.

पैसे कोण देतं?

गावाकडे हमखास ऐकू येणारं वाक्य : "जाऊ द्या वकीलसाहेब, तो ड्रायव्हरपण गरीबच आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा." भावना चांगली, पण माहिती चुकीची. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच असतो. क्लेममध्ये ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांना सामनेवाले करतात. विमा चालू असेल आणि अटी मोडलेल्या नसतील तर पैसे कंपनी भरते. एसटीसारख्या सरकारी महामंडळांना विम्यातून सूट असते, तिथे महामंडळच देतं.

ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला हे वेगळं प्रकरण. तो वेगळ्या कोर्टात चालतो आणि तिथे गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईसाठी, ज्याला आपण एमएसीटी म्हणतो त्या मोटार अपघात न्यायाधिकरणात, कुणाची बाजू जास्त संभवनीय आहे एवढंच पाहतात. ड्रायव्हर फौजदारीत सुटला म्हणून क्लेम बुडत नाही.

यातूनच दुसरा घोटाळा होतो. ट्रकमालक तिसऱ्या दिवशी दोन प्रतिष्ठित माणसं घेऊन दवाखान्यात येतो, वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतो आणि स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ अशी सही घेतो. घरात औषधाला पैसे नसतात, सही होते. आपण काय सोडून देतोय याचा अंदाज नसताना केलेली ती सही पुढे उलटतपासणीत वर्षभर छळते. औषधपाण्याला पैसे देत असेल तर घ्या, पण पावतीवर ‘उपचारासाठी मदत म्हणून मिळाले’ एवढंच लिहा.

विमा ‘आहे’ म्हणजे सगळ्यांना आहे असंही नाही. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला त्या गाडीच्या विम्यातून सहसा काही मिळत नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात ती, असेल तर मिळतं. वऱ्हाड घेऊन जाणारा टेम्पो हे आपल्याकडचं सर्वांत दुःखद उदाहरण. मालवाहू गाडीत माणसं भरली की विमा कंपनी हात वर करते, आणि २००२ च्या अखेरीपासून सर्वोच्च न्यायालयाचा कौल याबाबत तिच्या बाजूने आहे. मग वसुली टेम्पोमालकाच्या मालमत्तेवर, आणि बऱ्याचदा तो टेम्पो हीच त्याची मालमत्ता असते. उलट, ड्रायव्हरचं लायसन्स संपलेलं किंवा खोटं निघालं म्हणून घाबरू नका. अशा वेळी न्यायाधिकरणं बहुधा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात.

दुसरं कुठलंच वाहन नाही, कुत्रं आडवं आलं आणि आपणच घसरलो, तर? मग दावा करायला समोर कुणी नसतं. पण गाडी स्वतःच्या नावावर असेल, लायसन्स असेल आणि पॉलिसी घेताना मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल, तर मृत्यू किंवा गंभीर कायम अपंगत्वासाठी १५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. पॉलिसीच्या कागदावर ही रक्कम बारीक अक्षरात छापलेली असते. ती न वाचल्यामुळे हा क्लेम न केलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत.

पहिले पंधरा दिवस

अपघात झाला की आधी ११२ किंवा १०८. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आता सोडायला हवी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला स्पष्ट संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. (तरी माझी विनंती आहे की सांगावंसं वाटलं तर नाव सांगा. त्या एका साक्षीवर एखादं घर उभं राहतं.)

उपचारांसाठी मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना लागू आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, योजनेत असलेल्या रुग्णालयात. चूक कुणाची हे तिथे बघत नाहीत. रुग्णालयाच्या खिडकीवर थेट योजनेचं नाव घेऊन विचारा, आपण न विचारता कुणी सांगेल याची वाट बघू नका.

केसपेपरवर ‘मेडिको लीगल केस’, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, अशी नोंद आणि तिचा नंबर हवा. ‘कसं लागलं’ला उत्तर देताना माहीत असेल तेवढं पूर्ण सांगा : अमुक रस्त्यावर, अमुक गाडीने, मागून धडक. नंबर माहीत नसेल तर ‘ट्रकने’ एवढं तरी. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. अंदाजाने काही बोलण्यापेक्षा ते बरं.

फिर्याद लवकर द्या. घरचे सगळे दवाखान्यात अडकले म्हणून उशीर झाला तर त्याने प्रकरण मरत नाही, पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा. स्पॉट पंचनाम्याला गावातला एखादा शहाणा माणूस हजर ठेवा. मी असे पंचनामे वाचलेत की मोटारसायकल रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडली होती हेच कळत नाही, कारण हवालदाराने अंधारात, मोबाइलच्या उजेडात, गाडीच्या टाकीवर कागद ठेवून ते लिहिलेले असतात. काचेचा सडा कुठे होता, ब्रेकची खूण किती लांब होती, रस्त्याची कडा किती फुटांवर होती या तीन गोष्टींवर चूक कुणाची ते ठरतं. गाड्या हलवण्याआधी मोबाइलमध्ये चार फोटो काढून ठेवलेत तर माझ्यासारख्या वकिलाचं निम्मं काम झालं.

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा आहे. दहा दिवसांत जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांचा छापील नमुना द्यायचा आहे आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल दाखल करायचा आहे. त्यावर विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत देकार द्यायचा. कायद्यानुसार पोलिसांचा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर हे फार सुरेख आहे. प्रत्यक्षात ठाण्यागणिक फरक पडतो, म्हणून पोलिसांवर विसंबून बसू नका. तपासी अंमलदाराला ‘सविस्तर अहवाल गेला का’ असं नाव घेऊन विचारत राहा.

आता मुदत. १९९४ नंतर बरीच वर्षं क्लेमला कालमर्यादाच नव्हती, आणि म्हणून आपल्याकडे अजून लोक म्हणतात, ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू.’ तो काळ गेला. १ एप्रिल २०२२ पासून अर्ज अपघाताच्या सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेशही दिला. म्हणून ज्यांना उशीर झालाय त्यांनी घरी बसू नये, वकिलाला भेटावं. पण ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांनी सहा महिनेच धरून चालावं.

अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो हा समजही काढून टाका. बीडचा मुलगा पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर अपघातात दगावला तर त्याच्या आईवडिलांना दर तारखेला मुंबईकडे जायची गरज नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

हिशोब

त्याच गवंड्याचं उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी माझे आहेत, सूत्र सर्वोच्च न्यायालयाचं. २००९ च्या ‘सरला वर्मा’ निकालाने वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणायचं तो, ठरवून दिला आणि २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाने भविष्यातल्या वाढीचे टक्के. कोर्टाच्या आवारात ही दोन नावं इतकी रुळलीत की पक्षकारसुद्धा ‘आमच्यात सेठी लागतो का?’ विचारतात.

समजा हा माणूस त्या रात्री दगावला असता. महिन्याची कमाई १८,००० रुपये. वय चाळिशीच्या आत, काम स्वतःचं, म्हणून भविष्यातली वाढ ४० टक्के धरायची : २५,२००. कायम नोकरी असती तर ५० टक्के धरली असती. वर्षाचे झाले ३,०२,४००. तो स्वतःवर काही खर्च करत असणारच, तो वजा करायचा. घरात बायको, दोन मुलं आणि आई असे चार अवलंबून, म्हणून पाव हिस्सा वजा. अविवाहित असता तर निम्मे गेले असते. उरले २,२६,८००. एकतीस ते पस्तीस वयोगटाचा गुणक १६. म्हणजे ३६,२८,८००. यात बायको, मुलं आणि आई यांच्या सहवासाला मुकल्याबद्दल प्रत्येकी ठराविक रक्कम, अंत्यसंस्काराचा खर्च आणि वारसाहक्काचं नुकसान मिळवायचं. २०१७ मध्ये हे आकडे अनुक्रमे ४०,०००, १५,००० आणि १५,००० होते. दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढतात.

आता तोच हिशोब पुन्हा करा, फक्त कमाईचा पुरावा काढून घ्या. मुकादम साक्षीला आला नाही, बँकेत नोंदी नाहीत. न्यायाधिकरण म्हणतं, अंदाजाने दहा हजार धरू. ४० टक्के वाढ धरून १४,०००, वर्षाचे १,६८,०००, पाव वजा जाता १,२६,०००, गुणिले १६ : २०,१६,०००. फरक १६,१२,८०० रुपयांचा. माणूस तोच, घर तेच.

म्हणून कमाईचे कागद गोळा करणं हे क्लेमचं खरं काम. पगारदाराचं सोपं असतं, फॉर्म सोळा आणि पगारपत्रक दिलं की झालं. बाकीच्यांनी डोकं लढवायचं. शेतकऱ्याचा सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, डेअरीचं दुधाचं कार्ड. बांधकाम कामगाराची मंडळाकडची नोंदणी. रिक्षावाल्याचं परमिट आणि बँकेचे हप्ते, कारण दरमहा सात हजारांचा हप्ता फेडणारा माणूस आठ हजार कमवत नसतो. फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी हा अलीकडचा मोठाच आधार. शेतीबाबत विमा कंपनीचा युक्तिवाद ठरलेला : माणूस गेला, जमीन तर जागेवर आहे ना? त्याला उत्तर असं की जमीन स्वतः पाणी धरत नाही. राबणारा गेला की गडी ठेवावा लागतो किंवा जमीन वाट्याने द्यावी लागते. ते नुकसान मोजायचं.

आणि घरातली बाई गेली तर? जुन्या अर्जांमध्ये ‘घरकाम, उत्पन्न निरंक’ असं आमच्याच वकीलबंधूंनी लिहिलेलं सापडतं. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरलंच पाहिजे हे पुन्हा ठासून सांगितलं. तिथे वेळेच्या वापराच्या सरकारी सर्वेक्षणाचा आधार घेतलाय : बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. भाकरी, पाणी, गोठा, म्हाताऱ्यांचं औषध, पोरांची शाळा, हे सगळं अर्जात एकेक करून लिहा. एका ओळीत ‘घरकाम’ म्हणून संपवू नका.

जखमीचा हिशोब वेगळा, आणि माझ्या मते जास्त अवघड. आपला गवंडी वाचला. पाय राहिला, पण गुडघा पूर्ण वाकत नाही. सिव्हिलच्या प्रमाणपत्रात संपूर्ण शरीराच्या मानाने अपंगत्व लिहिलं वीस टक्के. विमा कंपनी म्हणणार, वीस टक्के अपंगत्व म्हणजे वीस टक्के कमाई गेली. ३,०२,४०० गुणिले १६, त्याचे वीस टक्के : ९,६७,६८०. इथे स्वतःचा खर्च वजा होत नाही, कारण माणूस जिवंत आहे.

पण गुडघा न वाकणारा गवंडी परांचीवर चढणार कसा? उकिडवं बसून फरशी लावणार कशी? २०१० च्या ‘राजकुमार’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक समजावून सांगितला : डॉक्टरांची टक्केवारी शरीराची असते, भरपाई कमाईच्या क्षमतेची असते. एकाच हाताने अधू झालेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास सगळं गमावतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. कमाईची क्षमता साठ टक्के गेली असं न्यायाधिकरणाला पटलं, तर त्याच गणिताचं उत्तर येतं २९,०३,०४०. हे पटवायला डॉक्टरांची साक्ष हवी. नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही, त्यांनी येऊन ‘हा माणूस अमुक काम करू शकत नाही’ हे सांगावं लागतं. डॉक्टर कोर्टाच्या नावाने कुरकुरतात. त्यांची साक्ष कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाने दवाखान्यात जाऊन, नोंदवायची विनंतीही करता येते.

याशिवाय झालेला खर्च, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च, अंथरुणावर असतानाची बुडालेली मजुरी, ने-आण, खाणंपिणं, सेवेला राहिलेल्या माणसाचे पैसे आणि वेदनांसाठी एक रक्कम. माणूस कायमचा परावलंबी झाला असेल तर सेवेकऱ्याचा खर्चसुद्धा आता गुणक लावून मोजतात. बारा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं केलं. बिलं पक्की ठेवा, पेशंटच्या नावाची, औषधाच्या चिठ्ठीसह. थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात पांढरी पडतात, त्यांच्या झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा.

एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कमी होत नाही. १९९८ साली एसटी महामंडळाविरुद्धच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवलं. मेडिक्लेमचे पैसेही वजा करू नयेत असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलं. हप्ता आपण भरला, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला कशाला?

चूक कुणाची

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागात एकाच पद्धतीचे अपघात होतात. रात्रीचा रस्ता, टायर फुटून उभी राहिलेली उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दोन दगड आणि एक ओली फांदी एवढीच खूण. मोटारसायकलवाला मागून जाऊन आदळतो. आणि पोलीस बऱ्याचदा गुन्हा नोंदवतात तो मयतावरच, कारण ‘उभ्या वाहनाला धडकला’.

घरचे लोक एफआयआर बघून खचतात. खचू नये. न्यायाधिकरणाला एफआयआर बंधनकारक नसते. ते पंचनामा, फोटो, साक्षी बघतं. मुख्य रस्त्यावर बिनदिव्याची ट्रॉली उभी करणं हा ट्रॉलीवाल्याचा निष्काळजीपणा आहे. फार तर न्यायाधिकरण वाटणी करतं, जसं सत्तर टक्के ट्रॉलीवाल्याची चूक आणि तीस टक्के मयताची. मग भरपाईतून तीस टक्के जातात, सगळी जात नाही. इथे आणखी एक खाच आहे : ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा बऱ्याचदा नसतो. ट्रॅक्टरला ट्रॉली एक असो की दोन, अर्ज करताना प्रत्येकीचा नंबर आणि विमा तपासायचा.

ट्रिपल सीट होते, लायसन्स नव्हतं, एवढ्यावरून तुमची चूक आपोआप ठरत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे विमा कंपनीने दाखवावं लागतं. डोक्याला मार असेल तर हेल्मेटचा प्रश्न मात्र येणारच.

चूक सिद्ध करायच्या फंदात न पडता, ठरलेली रक्कम घेण्याचाही मार्ग कायद्यात आहे : मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. पुरावा खरोखरच काही नसेल तर ठीक. कमावत्या माणसाच्या बाबतीत हा घाट्याचा सौदा ठरतो, हे वरचे आकडे बघून कळेल.

धडक देऊन गाडी पळाली, शोध लागलाच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची वेगळी योजना आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात होतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. वकील लागत नाही.

खड्ड्यांबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख रुपये संबंधित यंत्रणेने द्यावेत असा आदेश दिला. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. अपघात झालेला खड्डा फार लवकर बुजतो.

मुंबईकरांसाठी लोकलची गोष्ट वेगळी. गर्दीत दारातून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, रक्कम ८ लाख, मुदत एक वर्ष. चूक कुणाची हा प्रश्न तिथे येत नाही. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा बुडत नाही, पण पास आणि त्याची पावती घरात शोधून ठेवा. रूळ ओलांडताना गेलेल्याला हे लागू नाही.

तडजोड आणि टक्केवारी

सरकारी दवाखान्यांच्या आवारात क्लेमचे एजंट फिरतात, हे मी आमच्या धंद्याची लाज राखत सांगतो. ‘एक रुपया देऊ नका, निकालानंतर तीस टक्के’ असा त्यांचा भाव. निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी आधी ठरवा, लेखी ठरवा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका. बायका, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच असतं.

लोकअदालतीत विमा कंपन्या तडजोडीला तयार असतात. पैसे लवकर मिळतात, व्याजावर पाणी सोडावं लागतं, आणि एकदा सही झाली की अपील नाही. म्हणून तिथे जाण्याआधी वरचा हिशोब घरी पाटीवर मांडून जा. आपला आकडा पस्तीस लाख येत असेल आणि समोरून बारा येत असतील तर उठून यायचं. सत्तावीस येत असतील तर बसून बोलायचं. मयताची मुलं लहान असतील तर निकालानंतर त्यांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत जातो. लोक त्यावर चिडतात. मला तो कोर्टाचा शहाणपणा वाटतो, कारण पैसे आले की भाऊबंदांना एकाएकी खूप अडचणी सुरू होतात.

आता त्या केसपेपरचं काय झालं ते. आम्ही १०८ च्या रुग्णवाहिकेची नोंद मागवली. गाडीतल्या डॉक्टरांनी रस्त्यावरच भरलेल्या फॉर्मवर ‘ट्रकची धडक’ असं लिहिलेलं निघालं. तरी चुलतभावाला पिंजऱ्यात उभं राहावं लागलंच. विमा कंपनीच्या वकिलांनी केसपेपर त्याच्या पुढ्यात धरला आणि आवाज चढवून विचारलं, तुम्हीच डॉक्टरांना सांगितलं होतं ना, गाडीवरून पडला म्हणून?

"हो, मीच सांगितलं," तो म्हणाला. "पडलाच होता साहेब. ट्रकने पाडलं, म्हणून पडला."

न्यायाधीशांनी स्टेनोला हातानेच थांबवलं, आणि ते वाक्य जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.